मातीतलं विरजण

मैत्रिणींनो, दिवाळीचा फराळ एकदाचा आटोपतो, पण कढईत उरलेल्या तेलाचं काय करायचं हा प्रश्न काही आटोपत नाही. चकल्या झाल्या, शेव झाली, शेवटी तळाशी काळा गाळ आणि वाटी-दीड वाटी तेल उरतं. भाजीला वापरवत नाही आणि टाकवतही नाही. गेल्या दिवाळीत मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. तरी सांगते, कारण तुमच्यातल्या निम्म्याजणींनी तेच केलं असणार. रात्री सासूबाई झोपल्यावर मी ते तेल हळूच सिंकमध्ये ओतलं आणि वर कढत पाण्याची धार धरली. तेल दिसेनासं झालं. सुटले, असं वाटलं.

पौषात, ऐन थंडीत, तळमजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांच्या मोरीतून पाणी उलटं येत होतं. प्लंबरनं इमारतीच्या मागचं चेंबर उघडलं, तर आत पांढरट, चिकट, मेणासारखा थर! "तेल-तूप आहे हे सगळं," असं म्हणून त्यानं वर पाहिलं. आम्ही चार मजल्यांवरच्या बायका गॅलरीतून खाली बघत होतो. त्याचं बोलणं ऐकून प्रत्येकीनं दुसरीकडे पाहिलं. मीही पाहिलं.

पापाचं प्रायश्चित्त म्हणून मी बाजारातून एक पावडर आणली. मोरीतलं तेलतूप खाणारे जिवाणू तिच्यात असतात, असं पाकिटावर छापलेलं होतं. रात्री पावडर टाकली, वर आपलं समाधान म्हणून पातेलंभर उकळतं पाणी ओतलं, आणि सकाळी उठून थोडं अॅसिड. आठ दिवस हा कार्यक्रम चालला. वास जसाच्या तसा. "शुद्ध फसवणूक आहे!" म्हणत मी ते पाकीट आमच्या भाचीपुढे आपटलं. तिनं शांतपणे विचारलं, "मामी, वर काय काय ओतलंस?" मी सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली, "विरजण लावून पातेलं उकळायला ठेवलंस, आणि वर म्हणतेस दही लागलं नाही!"

हे वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. म्हणून या खेपेला स्वयंपाकघरातून थोडी बाहेर पडून तुम्हाला मातीपर्यंत नेणार आहे.

ही भाची म्हणजे माझ्या नणंदेची मुलगी. बार्शीकडची. मायक्रोबायॉलॉजीत एम. एस्सी. करायला आमच्याकडे कोथरूडला राहते. शेवटच्या वर्षाला तिला एक प्रकल्प करायचा होता. विषय असा, की मातीतून असे जिवाणू वेगळे काढायचे जे मेद, म्हणजे तेलतूप, फोडणारं एन्झाइम तयार करतात. सासूबाईंनी विषय ऐकला आणि विचारलं, "एवढं शिकून शेवटी मातीच चिवडायची होय गं?" वन्संचं मत त्याहून कडक होतं. प्रकल्प झाला तर झाला, नाहीतर परीक्षा देऊन मुलीनं सरळ घरी यावं, बी. एड. करावं, बघायला माणसं येताहेत. मी मध्ये पडले नाही. पण मला माझं आठवलं. मी बारावीपर्यंत शास्त्र शाखेत होते. प्रॅक्टिकल संपेपर्यंत गावाकडची शेवटची एस. टी. निघून जायची. म्हणून शाखा बदलली आणि मराठी घेऊन बी. ए. झाले. तक्रार नाही, अर्धवेळ का होईना, शाळेत मराठी शिकवते आणि मुलांमध्ये रमते. पण भाचीनं प्रयोगवही उघडली की मी भाजी निवडता निवडता तिच्या शेजारी जाऊन बसायची, ते काही उगीच नाही.

आधी हे एन्झाइम म्हणजे काय ते सांगते. आपल्या शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात. मेद फोडणाऱ्या विकराचं नाव लायपेज. तेलाचा एक कण म्हणजे ग्लिसरीनच्या दांड्याला मेदाम्लाचे तीन धागे बांधलेले, असं समजा. लायपेज ते धागे पाण्याच्या मदतीनं एकेक करून सोडवतं. आपल्या पोटातही ते असतं, म्हणून तर तूपभात पचतो. गंमत अशी, की तेल पाण्यात मिसळत नाही, आणि लायपेज काम करतं ते नेमकं तेल-पाण्याच्या सीमेवर. बऱ्याच लायपेजना एक झाकण असतं. तेलाच्या पृष्ठभागाशी आलं की ते झाकण उघडतं आणि काम सुरू होतं.

जिवाणूंना तेल सबंध गिळता येत नाही. ते लायपेज बाहेर सोडतात, तेल फुटलं की ते तुकडे आत घेतात आणि त्यावर जगतात. जिवाणूंमध्ये हा गुण असतो हे १९०१ साली क्रिस्तियान आइकमन या डच शास्त्रज्ञानं दाखवलं. हे तेच आइकमन, ज्यांनी सडलेला, म्हणजे पॉलिशचा, तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांवरून बेरीबेरीचं कारण शोधायला सुरुवात केली आणि १९२९ साली नोबेल मिळवलं. आपल्या मुळशीच्या हातसडीच्या तांदळाचं कौतुक करताना त्यांचंही नाव घ्यायला हवं.

तर माती कुठली घ्यायची? भाची म्हणाली, जिथं वर्षानुवर्षं तेल सांडतं तिथं तेल खाणारे जमलेले असणार. जिथं पंगत तिथं जेवणारे! पौड रस्त्याला जिथं पूर्वी कोथरूडचा कचरा पडायचा तिथं आता मेट्रोचा डेपो उभा आहे, नाहीतर ही मुलगी तिथंही गेली असती. एका रविवारी आम्ही दोघी निघालो. पहिली माती लाकडी घाण्याच्या मागची, जिथं पेंडीची पोती ठेवतात. दुसरी एका फरसाणवाल्याच्या भट्टीमागची. तिसरी, म्हणजे आमच्याच चेंबरच्या कडेची. वरची धूळ आणि पालापाचोळा बाजूला सारून चार बोटं खालची माती घ्यायची, स्पिरिटनं पुसलेल्या चमच्यानं, निर्जंतुक पिशवीत. पिशवीवर जागा, तारीख, वेळ लिहायची. घाण्यावाल्यानं विचारलं, "वहिनी, जागा विकत घेताय का?"

रविवारी प्रयोगशाळा बंद. म्हणून तिन्ही पिशव्या डब्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्या, लोण्याच्या भांड्याशेजारी. सकाळी सासूबाईंनी डबा उघडला. पुढचं सांगत नाही.

तुम्ही म्हणाल, माती नेली की झालं. छे! एक ग्रॅम सुपीक मातीत, म्हणजे चिमूटभर मातीत, कोट्यवधी जिवाणू असतात. बशीत वाढवले तर त्यातले फार थोडेच वाढायला तयार होतात, तरीही गर्दी अफाट. त्यांना सुटं करायची युक्ती मात्र आपल्या ताकासारखी आहे. एक ग्रॅम माती नऊ मिलिलिटर मिठाच्या पाण्यात ढवळायची. हे पाणीही मोजून, लिटरला साडेआठ ग्रॅम मीठ. त्यातलं एक मिलिलिटर घेऊन पुन्हा नऊ मिलिलिटर पाण्यात. असं सहा वेळा. एक वाटी ताकात नऊ वाट्या पाणी, त्यातल्या वाटीत पुन्हा नऊ वाट्या, असं करत गेलं तर सहाव्या पातेल्यात ताक दहा लाख पट पातळ झालेलं असतं. शेवटच्या पाण्यातले दोन-चार थेंब बशीवर पसरले की जिवाणू एकमेकांपासून लांब पडतात, आणि प्रत्येकाचा पिलावळीसकट वेगळा ठिपका उठतो. यालाच वसाहत म्हणतात.

बशीतला तो थिजलेला थर कशाचा असतो माहीत आहे? अगर-अगरचा. म्हणजे आपण पुडिंगला वापरतो तो चायना ग्रास. आणि तो प्रयोगशाळेत आला स्वयंपाकघरातूनच. १८८१ साली जर्मनीत वाल्टर हेस नावाचे डॉक्टर जिलेटिनवर जिवाणू वाढवत. उन्हाळ्यात जिलेटिन वितळायचं, काही जिवाणू तर ते खाऊनच टाकायचे. त्यांच्या पत्नीनं, फॅनी हेस हिनं, सुचवलं की माझी जेली उन्हाळ्यात वितळत नाही, तिच्यात मी अगर-अगर घालते, तो घालून बघा. जावा बेटावर राहून आलेल्या एका शेजारणीकडून ती हे शिकली होती. हेस यांनी हे रॉबर्ट कोख यांना कळवलं. कोख यांनी १८८२ साली क्षयाच्या जंतूंवरच्या लेखात अगरचा उल्लेख केला, पण फॅनीचं नाव घेतलं नाही. आज जगातल्या सगळ्या प्रयोगशाळा त्या बाईच्या जेलीवर चालतात. हे ऐकल्यावर सासूबाईंचा मातीवरचा राग निम्म्यानं उतरला.

या अगरमध्ये जिवाणूंचं खाणं घालतात आणि वर ट्रायब्युटिरिन नावाचा मेद घालतात, शंभराला एक या प्रमाणात. हा मेद लोण्यातल्या मेदाच्या कुळातला. तो नीट मिसळला की बशी दुधाळ दिसते. जो जिवाणू लायपेज सोडतो, त्याच्या ठिपक्याभोवतीचा मेद फुटतो आणि तेवढाच भाग स्वच्छ, पारदर्शक होतो. चंद्राला खळं पडतं ना, अगदी तसं. ३० अंशांच्या उबेत बश्या एक-दोन दिवस ठेवायच्या आणि खळं शोधायचं. सांगायला किती सोपं!

पहिल्या खेपेला तिच्या बश्यांत मेद मिसळलाच नाही. थेंब वर तरंगत राहिले, वरणावरच्या तेलासारखे. खळं कुठलं आणि थेंबाची कड कुठली, काही कळेना. दुसऱ्या खेपेला एका पसरट जिवाणूनं सगळी बशी व्यापली. तिसऱ्या खेपेला बुरशी. जानेवारी गेला, फेब्रुवारी निम्मा संपला. पोरगी रात्री जेवायला बसायची आणि ताटात बोट फिरवत राहायची. एका रात्री वन्संचा फोन आला. पलीकडचं बोलणं ऐकू येत नव्हतं, हिचं एवढंच, "हो आई. बघते आई. नाही जमलं तर येते." फोन ठेवून ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "जा जरा." मी गेले. काय बोलावं सुचेना. शेवटी म्हटलं, "मला कायम शेवटची एस. टी. पकडायची असायची. तुला नाहीये. उद्या पुन्हा जा."

दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या बाईंना सगळ्या वाया गेलेल्या बश्या दाखवल्या. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, वाया गेलेल्याच आधी दाखवायच्या असतात. मेद नुसता ढवळून मिसळत नाही, त्यात गम अरेबिक घालून मिक्सरसारख्या यंत्रातून चांगला घुसळावा लागतो. अगर हाताला सोसेल इतपत निवल्यावर ते मिश्रण त्यात घालायचं आणि लगेच बश्या ओतायच्या. बश्या थोड्या कोरड्या होऊ द्यायच्या, म्हणजे जिवाणू पसरत नाहीत. संध्याकाळी भाची घरात शिरली तीच ओरडत, "आजी, गम अरेबिक म्हणजे काय असेल? आपला डिंक!" बाभळीच्याच कुळातल्या झाडाचा तो डिंक. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मग? लाडवात एवढं तूप धरून ठेवायला दुसरं काय लागतं?"

चौथ्या खेपेला बश्या खरोखर दुधाळ झाल्या. तिसऱ्या दिवशी तिनं मला प्रयोगशाळेत नेलं. मी पांढरा डगला घालून, हात मागे बांधून, कशालाही न शिवता उभी. तिनं बशी उजेडासमोर धरली. तीस-चाळीस ठिपके, आणि त्यातल्या पाच-सहांभोवती खळं. एकाभोवतीचं तर मटारच्या दाण्याएवढं! बंद बशीलाही खवट लोण्याचा हलका वास येत होता. मी तसं म्हटलं, तर भाची हसली. "बरोबर ओळखलंस. ट्रायब्युटिरिन फुटलं की ब्युटिरिक आम्ल सुटतं. लोणी खवट होतं तेव्हा तेच सुटतं." म्हणजे इतकी वर्षं मी साय साठवताना नाक मुरडत होते तो वासही एका लायपेजचाच!

इथून पुढे खरं निवडणं. खळ्याचा एक ठिपका तारेच्या टोकानं उचलायचा, नव्या बशीवर रेघा ओढत विरळ करायचा, पुन्हा सुटा ठिपका उचलायचा, असं दोन-तीन वेळा, जोवर सगळे ठिपके एकसारखे दिसत नाहीत तोवर. तांदूळ एकदा निवडून आपलं समाधान होत नाही, तसंच. मग दुसरी कसोटी. ट्रायब्युटिरिन हा तसा मऊ मेद, तो पुष्कळ जिवाणू फोडतात. मऊ खिचडी कोणीही खाईल, भाकरी खाऊन दाखवा! म्हणून ऑलिव्ह तेल आणि ऱ्होडामिन नावाचा रंग घातलेल्या बशीवर त्यांना पुन्हा वाढवलं. खरं लायपेज असेल तर अतिनील दिव्याखाली ठिपक्याभोवती नारिंगी प्रभा दिसते. सहापैकी चौघांना दिसली. नंतर किती मेदाम्ल सुटलं ते मोजायचं. सुटलेल्या आम्लात अल्कली थेंब थेंब घालत जायची. आधी फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकलेले असतात. सगळं आम्ल संपलं की द्रव एकदम गुलाबी होतो. जितकी अल्कली जास्त लागेल, तितकं लायपेज जोमदार.

पहिला आला घाण्यामागचा जिवाणू. आमच्या चेंबरचा दुसरा. सासूबाईंना ते मुळीच आवडलं नाही. "त्यांचं तेल ताजं असतं. आमच्याला काय मिळतं? तळणीचं!" असा त्यांनी निकाल दिला.

या खटाटोपाचा उपयोग काय, असं तुमच्या मनात आलं असेल. तुमच्या कपडे धुण्याच्या पावडरीचं पाकीट बघा. त्यावर एन्झाइम असा शब्द दिसला, तर त्यात लायपेज असू शकतं. बाजारात लायपेज मोठ्या प्रमाणावर आलं १९८८ साली. डेन्मार्कच्या नोवो या कंपनीनं ते आणलं. मूळ एका बुरशीचं, आणि तयार करून घेतलं दुसऱ्या बुरशीकडून. पुढे जिवाणूंचीही आली. कपडे धुण्याचं पाणी अल्कधर्मी असतं, म्हणून त्यात टिकणारे जिवाणू शास्त्रज्ञ अल्कधर्मी जागी शोधतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर त्यासाठी प्रसिद्ध. तिथल्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास, आणि तिथून लायपेज देणारे जिवाणूही वेगळे काढले आहेत. २०२० च्या जूनमध्ये हे सरोवर गुलाबी झालं होतं, आठवतं? तो रंग मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांचा, असं सांगितलं ते आमच्या शेजारच्या आघारकर संस्थेनं. आगरकर रस्त्यावरची आघारकर संस्था; रिक्षावाले नेहमी गोंधळतात. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या नावानं ती १९४६ साली सुरू झाली. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तर उद्योगांना उपयोगी पडणाऱ्या सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रहच जपलेला आहे. आपल्याकडे विरजण शेजारून मागून आणतात, तसं हे लोक जिवाणू मागून आणतात!

आता घरच्या गोष्टी. भाचीला विचारून, तिच्याकडून तपासून लिहिते आहे.

मोरीत तेल ओतू नका. गरम पाण्याबरोबर ते वाहून गेल्यासारखं वाटतं, पण पुढे नळात गार होऊन थिजतं. पाण्यातल्या चुन्याशी मेदाम्लांची गाठ पडली की त्याचा कडक साबण होतो. लंडनमध्ये २०१७ साली व्हाइटचॅपल भागातल्या गटारात असा २५० मीटर लांब, १३० टनांचा गोळा सापडला होता. आपलं चेंबर त्याची धाकटी बहीण समजा. उरलेलं तेल गार करून, गाळून, बाटलीत भरा आणि एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा. काळं, फेसाळ, वास येणारं असेल तर पुन्हा तळणीला घेऊ नका. वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करण्याची योजना आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८ साली सुरू केली. तुमच्या भागात असं तेल नेणारं कोणी असेल तर दोन-चार घरांनी मिळून डबा भरावा. थोडंच असेल तर रद्दी कागदात किंवा भुशात मुरवून कचऱ्यात टाकावं. कढई, तव्यावरचं तूप, मुलांच्या ताटातला तेलाचा तवंग, हे सगळं घासण्याआधी कागदानं पुसून घ्या. अर्धं काम तिथंच होतं.

जिवाणूंची पावडर वापरायची तर विरजणासारखी वापरा. पाणी कोमट. वेळ रात्रीची, म्हणजे सहा-सात तास वरून पाणी पडणार नाही. त्यांना तेलाला चिकटून बसायला अवधी लागतो. पावडरीतले जिवाणू पुष्कळदा बीजाणूंच्या रूपात झोपलेले असतात. झोपेत ते उष्णता बरीच सोसतात, पण जागे होऊन कामाला लागले की उकळत्या पाण्यानं मरतात. आदल्या आणि दुसऱ्या दिवशी अॅसिड, ब्लीच, फिनेल यांतलं काही नको. दर आठवड्याला थोडी थोडी घाला. मात्र गच्च तुंबलेली मोरी तिनं उघडणार नाही, तिथं प्लंबरच हवा. आणि अॅसिड व ब्लीच कधीही एकत्र ओतू नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो, बंद मोरीत तो जिवावर बेततो.

साय साठवताना पहिल्याच दिवशी भांड्यात चमचाभर विरजण घाला आणि रोजची साय त्यात मिसळत जा. थंडीतही वाढणारे काही जिवाणू असे असतात, की दूध तापवल्यावर ते स्वतः मरतात, पण त्यांचं लायपेज मागे उरतं आणि फ्रिजमध्येसुद्धा हळूहळू काम करत राहतं. म्हणून आठवड्याच्या आत लोणी काढून कढवा.

कपड्यांवरचे तुपाचे डाग एन्झाइमच्या पावडरीत कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. उकळत्या पाण्यानं एन्झाइम निकामी होतं. डाग पहिल्या धुण्यात पूर्ण गेला नाही तर निराश होऊ नका, लायपेजचा गुण दुसऱ्या धुण्यात जास्त दिसतो. रेशमी आणि लोकरी कपड्यांना मात्र ही पावडर लावू नका. तिच्यात बहुधा प्रथिनं फोडणारं एन्झाइमही असतं, आणि रेशीम-लोकर म्हणजे प्रथिनंच.

मुलांनी हट्ट धरला तरी मातीतले जिवाणू घरी वाढवायच्या भानगडीत पडू नका. लायपेज करणाऱ्यांतले काही जखमा चिघळवणारेही असतात. प्रयोगशाळेत काम संपल्यावर सगळ्या बश्या १२१ अंशांच्या वाफेत, १५ पौंड दाबाखाली, पंधरा-वीस मिनिटं ठेवूनच टाकतात. ते यंत्र म्हणजे आपला प्रेशर कुकरच, फक्त मोठा. पण आपल्या कुकरात आपण वरण लावतो, हे विसरायचं नाही.

प्रकल्प एप्रिलमध्ये पुरा झाला. तोंडी परीक्षेच्या दिवशी वन्सं बार्शीहून आल्या होत्या. घाण्यामागचा आणि आमच्या चेंबरचा, दोन्ही जिवाणू आता छोट्या नळ्यांत, ग्लिसरीन घालून, कडक गोठवलेले आहेत. थंडीनं त्यांच्या अंगातल्या पाण्याचे टोकदार खडे होऊ नयेत म्हणून ग्लिसरीन. मुलीनं आईला फोटोतलं खळं दाखवलं. वन्सं बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे तूच काढलंस?" "हो." "आणि आता पुढे?" बाईंनी आणखी सहा महिने काम करायला बोलावलंय, असं ती चाचरत म्हणाली. वन्सं काही बोलल्या नाहीत. जाताना मात्र मला म्हणाल्या, "वहिनी, सहा महिन्यांचं हिचं खाणंपिणं मी पाठवीन हो." बघायला येणाऱ्या माणसांचं काय झालं ते मी विचारलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात बार्शीहून ज्वारीचं पोतं आलं.

येत्या दिवाळीला मी उरलेलं तेल बाटलीत भरणार आहे आणि मोरीला रात्रीची शांत झोप देणार आहे. तळमजल्यावरच्या काकूंना मात्र मी अजून काही सांगितलेलं नाही. पण हा अंक त्यांच्याकडेही येतो.